पाच पाण्यांचं मलम

लोक मले जळकुकडी म्हणतात. म्हणू दे. जळण्यासारखं असलं तर माणूस जळन नाही तर काय करन?

सक्करदऱ्यात आमचं दुमजली घर हाय. खाली मी, माहे मालक गणपतराव अन् सासूबाई पार्वतीबाई. वर धाकटा दीर चंद्रभान अन् त्याची बायको सोनिका. थंडी पडली का सासूबाईंच्या टाचा फुटतात, अशा का भेगेत ज्वारीचा दाणा बसन. त्यांले बाजारचं क्रीम चालत नाही. बोकडाच्या चरबीचं मलम पाहिजे, ते बी घरचं.

सोपं काम नव्हे ते. खाटकाले आधीच सांगून ठेवा लागते, का गुर्द्यावरचीच चरबी दे बाबा, पांढरी, टणक. ती बारीक चिरायची. मागच्या अंगणात चूल पेटवायची, पातेल्यासारख्या गंजात पाणी-मीठ टाकून चरबी मंद जाळावर वितळवायची, धोतराच्या फडक्यातून गाळायची अन् थंड होऊ द्यायची. थंड झाली का वर पांढरी वडी धरते. खालचं मळकं पाणी फेकायचं, वडीच्या बुडाचा गाळ खरवडायचा, अन् पुन्हा नवीन पाणी, पुन्हा जाळ. याले आम्ही एक पाणी म्हणतो. अशी पाच पाणी दिली का चरबीचा बोकडवास जाते. मंग त्यात तिळाचं तेल अन् मधमाशीचं मेण. बस. कापूर नाही, अत्तर नाही. वास झाकला तर ते मलम नव्हे, लबाडी हाय, असं सासूबाईंचं म्हणणं.

मंग परीक्षा. डबी सासूबाईंच्या नाकाखाली धरायची. त्या डोळे मिटणार, लांब श्वास घेणार, अन् म्हणणार, "वास येते वं."

सव्वीस वर्षं. दर साली. नवी नवरी होती तेव्हा वाटलं, शिकून घेऊ. माही पोरगी भूमिका पोटात होती तेव्हा ओकाऱ्या काढत काढत चरबी चिरली. वास येते वं. एका साली जिद्दीनं सहा पाणी दिली. वास येते वं. मले येत नव्हता, शेजारणीले येत नव्हता, अंगणातली मांजर डबीजवळून तशीच निघून जात होती. सासूबाईंले मात्र येत होता. मले त्यांच्या तोंडून एकच शब्द ऐकायचा होता, 'जमलं'. पाटल्या-बांगड्या नव्हत्या मागितल्या मी.

आता सोनिकाचं ऐका. ही धरमपेठेची पोरगी, मला-तुला बोलणारी, ऑफिसात जाणारी. मटन चापून खाते, पण कच्च्या मटनाले हात लावायचा म्हटलं का नाक मुरडते. मागच्या हिवाळ्यात तिनं मोबाइलवर पाह्यलं, का विदेशातल्या बाया चरबीचं मलम तोंडाले लावून राहिल्या. झालं! बाईसाहेब हातात रबराचे मोजे घालून बसल्या. चूल नाही, धूर नाही, गॅसवर वितळवलं, फ्रिजमध्ये गोठवलं. पाच नाही, सात पाणी दिली म्हणे. अन् स्टीलची डबी घेऊन खाली आली, वर आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवून.

सासूबाईंनी डोळे मिटले. लांब श्वास घेतला.

"जमलं," त्या म्हणाल्या.

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चहा गाळत होती, अर्धा ओट्यावर सांडला. सोनिका टाळ्या वाजवून राहिली होती, "ताई, ऐकलं ना? पहिल्याच वेळी!" मी म्हटलं, ऐकलं वं, बहिरी नाही मी. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं. मालक म्हणाले, "असू दे ना वं, टाचा तर तुह्याच मलमानं भरतात दर साली." त्याईले काय समजते? टाचा भरल्यानं माहं पोट भरत होतं काय?

वर्षभर ते 'जमलं' माह्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून होतं. अन् औंदाच्या डिसेंबरात सोनिकानं पुन्हा मलम केलं. ऑफिसात जाता जाता डबी माह्या ओट्यावर ठेवली अन् म्हणाली, "ताई, मला यायला सहा वाजतील. तुम्हीच आईंना दाखवाल का? मला राहवत नाही."

मीही तेव्हा माहं मलम करून ठेवलं होतं. एकाच पाण्याची थोडी चरबी बाजूले पडली होती, झाकण काढलं का गोठ्यात उभं राहिल्यासारखं वाटन अशी. मी तिचं मलम वाटीत काढलं, वाटी तांदळाच्या पिंपामागं ठेवली, अन् तिच्या नावाच्या डबीत ती एका पाण्याची चरबी भरली. मले कोणी शिकवलं नव्हतं. माह्याच मनानं केलं. आता म्हणा 'जमलं', पाहू!

दुपारी सासूबाई खाटेवर बसून सुपात वाटाण्याच्या शेंगा सोलून राहिल्या होत्या. मी डबी धरली. "आई, सोनिकाची हाय."

मीच पदर नाकाले लावला होता. त्यांनी डोळे मिटले, लांब श्वास घेतला.

"जमलं."

 मले वाटलं, सुनेचा एवढा लाड? मंग त्यांच्या चेहऱ्याकडं पाह्यलं. एवढा उग्र वास, अन् भुवई बी हलली नव्हती. मी आत जाऊन माही पाच पाण्यांची डबी आणली अन् सोनिकाची म्हणूनच नाकाखाली धरली. "जमलं," त्या पुन्हा म्हणाल्या, जरा चिडून, "एकदा सांगितलं ना."

"आई, तुम्हाले वास येत नाही."

त्यांचा हात शेंगांवर थांबला.

"केव्हापासून?"

"कोरोनापासून," त्या हळूच म्हणाल्या. "ताप गेला, वास काही परत आला नाही. कोणाले सांगू नको वं रुख्मिणी. डोळे गेले, गुडघे गेले. या घरात मले विचारून होणारं एवढं एकच काम उरलं."

मले दया यायले पाहिजे होती. नाही आली. मी बोटं मोजून राहिली होती. "म्हणजे चार साल झाले नाक जाऊन. अन् माह्या डबीले तर तुम्ही मागच्या साली बी म्हटलं, वास येते. नाक नसताना वास कुठून आला?"

"सवय," त्या म्हणाल्या.

"सवय!" मी ओरडली. "अन् नाक होतं तेव्हा? तेव्हा येत होता काय वास? खरं सांगा, तुम्हाले माही शपथ हाय."

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "नव्हता येत."

"एकदाही?"

"एकदाही नाही. तू आली त्या साली मी दोन डब्या तुह्या सासऱ्यासमोर ठेवल्या होत्या. एक माही, एक तुही. तीस वर्षं त्यानं माह्या हातचं मलम लावलं होतं. त्या दिवशी त्यानं तुह्या डबीत बोट घातलं. दुसऱ्या दिवशी बी तुह्याच. माही डबी तशीच राहिली, तिच्यावर बोटाचा ठसा बी नाही." त्यांनी माह्याकडं पाह्यलं. "मले सहन नाही झालं वं."

सव्वीस वर्षं मी जळत होती अन् ही बाई माह्या आधीपासून जळत होती!  त्या म्हणाल्या, "आता म्हणू काय, जमलं?"

"आता काय करू त्याचं? नाकच नाही तर जमलं कशाचं?" मी शेंगांचं सूप उचललं अन् अंगणात जाऊन रडली. सूप कशाले नेलं, ते मले बी माहीत नाही.

त्या भरात सोनिकाची डबी खाटेवरच राहिली. सहाले सोनिका आली. "आई, काय म्हणता?" सासूबाई पुटपुटल्या, जमलं. तिनं हसत हसत झाकण काढलं अन् तोंडच वाकडं झालं. "ई! हे काय? हा तर बोकड आहे! ताई, सात पाणी दिली मी, सात! असं कसं झालं?" तिचे डोळे भरले.

मी पिंपामागून वाटी आणली. "तुहं हे हाय. अदलाबदल झाली."

"कोणी केली?"

"झाली म्हटलं ना!"

 मले वाटलं, आता ही भांडन. पण तिनं वाटी माह्याच पुढं केली. "मग याचा वास तुम्हीच बघा, ताई. यातलं तुमच्याइतकं कोणाला कळतं?"

मी वास घेतला. काही नाही. जरासा तिळाच्या तेलाचा, बस. माह्या मलमाहून साफ, खोटं कशाले सांगू? पांढरं शुभ्र, मऊसूत. अन् माह्या तोंडून निघालं, "वास येते वं."

सूर बी सासूबाईंचाच होता. सोनिका मट्कन खाली बसली. मी सव्वीस वर्षांआधी चुलीपुढं अशीच बसली होती.

खाटेवरून सासूबाई खाकरल्या. "सोनिका, माह्या नाकाचं ऐकू नको. ते कोरोनातच गेलं. मागच्या सालीही मी अंदाजानंच म्हटलं."  दुपारी जी गोष्ट कोणाले सांगू नको म्हणत होत्या, ती त्यांनी आपल्याच तोंडानं सांगितली. "अन् रुख्मिणीच्या बी नाकाचं ऐकू नको. आता टाचाच सांगतीन. उजव्या टाचेले रुख्मिणीचं, डाव्या टाचेले तुहं. लावणार रुख्मिणी."

"हो," सोनिका म्हणाली. "माझा ताईंवर विश्वास आहे."

हे वाक्य तिनं मुद्दाम मारलं का सहज, अजून समजलं नाही मले. लागलं मात्र बरोबर.

रोज सकाळी मी सासूबाईंचे पाय कोमट पाण्यात बुडवायची, पुसायची, मलम चोळायची अन् वरून सुती मोजे चढवायची. त्यांले वाकता येत नव्हतं, डोळ्यांत मोतीबिंदू. टाचा पाहणारी मी एकटी. खरं सांगते, पहिले दोन दिवस डाव्या टाचेवर मी बोट नुसतं फिरवलं. मलम लावलंच नाही म्हणा. उजवीले मात्र चांगलं थापून लावलं. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "डाव्या पायाले तुहा हात हलका लागते वं."  तेव्हापासून दोन्हीले सारखं लावलं.

तेराव्या दिवशी रविवार होता. सोनिका घरीच होती, दाराले टेकून उभी. मी मोजे काढले. उजवीची भेग अर्धी भरली होती. डावीची पुरी बुजली होती, वर नवी गुलाबी कातडी.

"कोणती भरली वं आधी?" सासूबाईंनी विचारलं.

मी दोन्ही पाय मांडीवर धरून होती. उजवी म्हटलं असतं तर कोण पाहणार होतं? सोनिका पुढं सुद्धा आली नाही. ती वाट पाहून राहिली होती. मी बी अशीच पाह्यली होती, दर साली.

"डावी," मी म्हटलं.

"म्हणजे?" सोनिका म्हणाली.

"म्हणजे काय म्हणजे? जमलं तुले! पुन्हा पुन्हा काय वदवून घेते?"

या घरात एवढ्या वर्षांत तो शब्द माह्यासाठी कोणी काढला नव्हता, अन् तो मलेच दुसरीसाठी बोला लागला.  मी मान खाली घालून उजवी टाच चोळत राहिली.

तेव्हा सासूबाईंनी माह्या डोक्यावर हात ठेवला. "सोनिका, ऐक. हिले पहिल्याच साली जमलं होतं. माह्याहून चांगलं जमलं होतं. मीच म्हटलं नाही."

 माहे डोळे वाहून राहिले होते अन् पुसता येत नव्हते, दोन्ही हात चरबीनं माखले होते. सोनिका खाली बसली अन् तिनं आपल्या ओढणीनं माहे डोळे पुसले. आदल्याच दिवशी हीच ओढणी घालून तिनं पुढच्या खेपेची चरबी वितळवली होती. ओढणीले बी वास नव्हता मेलीच्या.