इंगळेबाईंचा सोमवार

हिवाळ्यातलं कोवळं ऊन आमच्या नगर परिषदेच्या जिन्यावर उतरायला साडेदहा वाजत, आणि त्याच सुमारास त्याच पायऱ्यांवरून चपलांचा एक संथ, ठाम नाद वर येई. त्यामागून सोललेल्या संत्र्याचा दरवळ. इंगळेबाई मधल्या वळणावर दम घ्यायला थांबत आणि उरलेल्या फोडी समोर येईल त्या कर्मचाऱ्याच्या तळहातावर ठेवत. मगच विचारायला सुरुवात करत. प्रश्न बोचरा असे, पण तो संत्र्याच्या गोडव्यामागून येई. म्हणून त्यांच्यावर रागावणं कोणालाच नीटसं जमत नसे.

अकोल्याहून तासाभरावरचं आमचं तालुक्याचं गाव. बाईंनी तिथल्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर चार पानांचं साप्ताहिक काढलं. शनिवारी अकोल्याच्या छापखान्यातून गठ्ठा येई, आणि सोमवारी बाई परिषदेत येत. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी, तिथेच कंत्राटावर संगणक चालवत होते. एखादी गोष्ट खरी ठरली की बाई बोटांची टोकं एकमेकांवर झटकत, जणू खडूची धूळ उडवत आहेत. ती पांढरी भुकटी मला अजूनही त्यांच्याभोवती तरंगताना दिसे, ऊन तिरपं असलं की विशेषच.

त्या वर्षी परिषदेनं तक्रारींसाठी मोबाइलवरचं ॲप आणलं. लोक नालीचा, नळाचा, दिव्याचा फोटो पाठवत. आठवडाभरात त्यांच्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत : निराकरण झाले. बसस्थानकासमोर नगराध्यक्षांचा हसरा फलक लागला, एकही तक्रार शिल्लक नसलेलं गाव म्हणून. फलकाच्या पलीकडे, मुलींच्या शाळेसमोर, नालीवरची फुटलेली फरशी मात्र तशीच आ वासून होती. तिच्यात पाय जाऊन आठवीतल्या एका मुलीचं हाड मोडलं, तेव्हा तिच्या आईनं बाईंना मोबाइल दाखवला. तिथेही तीच हिरवी अक्षरं होती.

बाईंनी आधी नगराध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, हे सारं सिस्टीम पाहते. मुख्याधिकारी म्हणाले, ॲप चालवणारी कंपनी पाहते. कंपनीच्या फोनवर सनईचे सूर वाजत राहिले. बाईंनी ते पुरते ऐकले आणि खुदकन हसून माझ्या टेबलाशी आल्या.

“ज्योती, हे तक्रार बंद कोण करते वं?”

मी कळफलक बाजूला सारला. मार्चमध्ये माझं कंत्राट संपत होतं, घरात माझाच एक पगार होता. पण शाळेतही त्या अशाच उत्तराची वाट पाहत उभ्या राहत, आणि त्या शांततेत खोटं बोलणं फार अवघड जाई.

“कोणीच नाही, बाई,” मी हळूच म्हणाले. “सात दिवस झाले की ती आपोआप बंद होते. कंपनीकडून तसंच बसवून घेतलं आहे.”

“तू सांगितलं म्हून मी छापणार नाई,” त्या म्हणाल्या. “मी करून पायते. अन् तुयं नाव तू म्हणशील तवाच. नाई म्हटलं तरी माही विद्यार्थीनच राहशील.”

त्याच दुपारी त्यांनी ॲपवर एक तक्रार टाकली. मजकूर एवढाच : ही तक्रार कृपया बंद करू नये. सातव्या दिवशी उत्तर आलं : निराकरण झाले, आपण समाधानी आहात काय? शनिवारच्या अंकात पहिल्या पानावर हे दोन्ही मजकूर शेजारीशेजारी छापले गेले आणि खाली त्या मुलीच्या प्लास्टरमधल्या पायाचं छायाचित्र. गाव पोट धरून हसलं, आणि मग हळूहळू हसायचं थांबलं. कारण प्रत्येकाच्या खिशात अशीच एखादी हिरवी ओळ होती.

सर्वसाधारण सभेत मुख्याधिकारी म्हणाले, हा एका तक्रारीपुरता तांत्रिक दोष आहे. सदस्य पुढच्या विषयाचा कागद उलटू लागले. मी कागद पुरवायला भिंतीशी उभी होते. खिडकीतून गव्हाच्या शिवाराचा थंड वारा येत होता. बाई पत्रकारांच्या बाकावर मान खाली घालून लिहीत होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्यांच्या त्या न पाहण्यातच मला पूर्ण मोकळीक मिळाली असावी. माझाच आवाज मला दुरून ऐकू आला :

“दोष नाही, साहेब. सगळ्याच तक्रारी अशा बंद होतात. मी रोज पाहते.”

सभागृहात आधी कुजबुज झाली, मग सगळेच एकदम बोलू लागले. त्या मुलीच्या वॉर्डातले सदस्य उठून म्हणाले, “मंग आमी इथं कायले बसून राहिलो?” संध्याकाळपर्यंत ठराव झाला : तक्रार बंद करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा पडद्यावर दिसेल, आणि तक्रारदार हो म्हणेपर्यंत ती उघडी राहील. हिरव्या झालेल्या साऱ्या तक्रारी एका रात्रीत पुन्हा उघडून लाल झाल्या. शाळेसमोर नवी फरशी बसली, तेव्हा नगराध्यक्षांनी नारळ फोडला. बाईंनी तोही फोटो छापला, अगदी प्रेमानं, शेजारी जुन्या फलकाचा फोटो ठेवून.

माझं कंत्राट टिकलं. सभेत सगळ्यांसमोर बोललेल्या माणसाला काढणं अवघड झालं असावं. फक्त माझी खुर्ची हलली. शिक्षा म्हणून मला जन्म-मृत्यू नोंदणीच्या कोपऱ्यात बसवलं, आणि तिथे मी सुखी झाले. बाळांची नावं सांगताना लाजणारे बाप, पेढ्यांचे पुडे, नावाच्या ऱ्हस्व-दीर्घावरून भांडणाऱ्या आत्या. बाई सोमवारी येत, पहिली फोड आता मला देत, आणि नव्या नावांमधलं एखादं आवडलं की दोनदा उच्चारून पाहत.

गेल्या माघात बाई गेल्या. झोपेतच, शनिवारचा अंक हातावेगळा करून. त्यांचा मुलगा अमरावतीहून आला, माझ्यासमोर बसला आणि नोंदीसाठी एकेक माहिती देत गेला. व्यवसायाच्या रकान्याशी मी थांबले. तो म्हणाला, “सेवानिवृत्त शिक्षिका.” मी पेन टेकवलं नाही. मग तोच हसला, डोळे पुसले आणि म्हणाला, “पत्रकार लिहा, ताई.”

मी सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं. माणसाच्या येण्याची तारीख असते आणि जाण्याची तारीख असते. मधलं सारं जगणं माणूस ज्यांच्या हाती सोपवून जातो, त्यांनी ते खरं सांगायचं असतं.