चौदा शर्यती कुणाच्या?

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. माझा एक पायडल गळून पडला आहे आणि गादीत उंदरांनी घर केले आहे. पण एके काळी येडशी ते धाराशिव या रस्त्यावर माझ्यापुढे कुणी जात नसे.

निजामाच्या राजवटीत, महायुद्धाच्या दिवसांत, धाराशिवचे व्यापारी महालिंगप्पा यांनी मला विकत घेतले. शर्यतीत मला चालवी त्यांचा हमाल बिभीषण. दिवसभर पोती उचलून त्याचे खांदे सोलून निघत, तरी तो मला न चुकता तेल देई. ट्यूब मिळेनाशा झाल्या तेव्हा त्याने माझ्या टायरांत चिंध्या कोंबल्या आणि तशाच शर्यती मारल्या. एकूण चौदा. लोक माझ्या हँडलला हार घालत.

मग दवंडी पिटली. ज्याच्या नावावर दहा शर्यती जिंकलेल्या असतील, त्याला हैदराबादच्या मोठ्या शर्यतीला पाठवणार! बिभीषण मला घेऊन शर्यतींची वही ठेवणाऱ्या मुनशीकडे धावला.

“तुझ्या नावावर एकबी न्हाय,” मुनशी म्हणाला. “सायकल ज्याची, जीत त्याची. चौदाच्या चौदा महालिंगप्पांच्या हायेत.”

“पर पाय तर माझे व्हते, मुनशीजी!”

“पाय कुठं लिहू? तसा रकानाच न्हाय.”

ही गोष्ट महालिंगप्पांच्या कानावर गेली. त्यांनी बिभीषणाला गोडीत बोलावले. “उद्या माझा पोरगा पंचाक्षरी पहिल्यांदा शर्यतीत उतरतोय. तेवढी एक त्याला मारू दे. चौदाबी तुझ्या नावावर करतो.”

“नक्की ना, अप्पा?”

“माझा शब्द कधी खाली पडलाय व्हय?”

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. शेवटची दोरी वीस पावलांवर राहिली आणि बिभीषणाने माझा ब्रेक करकचून दाबला. चेन उतरल्याचे सोंग करून तो खाली बसला. माझी चेन जागच्या जागी होती. पंचाक्षरी नव्या सायकलीवर धापा टाकत आला आणि पुढे गेला. लोक ओरडले, “संपला रं बिभीषणाचा दम!” तो मान खाली घालून माझी चेन चाचपत राहिला.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी मुनशीच्या कचेरीत तो हात जोडून उभा राहिला. महालिंगप्पा भर लोकांत हसले. “काल माझ्या पोराकडून हरला, आन् आज म्हणतो, चौदा म्याच मारल्या!”

“अप्पा, तुम्हीच म्हणला व्हतात...”

“ऐका! आता म्हणंल, हरलोबी मुद्दामच!”

सगळी कचेरी खदखदली. महालिंगप्पांच्या सांगण्यावरून मुनशीने चौदाही शर्यती पंचाक्षरीच्या नावापुढे उतरवल्या.

पंचाक्षरी हैदराबादला निघाला तेव्हा त्याची ट्रंक माझ्या कॅरिअरला बांधली होती. बिभीषण मला येडशी स्टेशनापर्यंत ढकलत घेऊन गेला. आठ दिवसांनी पंचाक्षरी सर्वांत शेवटचा येऊन परतला, तरी त्याच्यापुढे वाजंत्री वाजली. वहीत पंधरा जिती होत्याच की!

मित्रांनो, सायकलीला वेळेवर तेल द्या, पावसात टाकू नका. माझा गंज घासला तर निघेलही. पण राबणाऱ्याची जीत दुसऱ्याच्या नावावर लिहू नका. बिभीषणाने पुन्हा कधी सायकलीला पाय लावला नाही. माझ्या समोरून तो रोज पायी हमालीला जाई, आणि माझ्याकडे बघत नसे.