बाल्कनीतला भाला

मी एक जुना भाला आहे. दचकू नका मित्रांनो, मला आता टोक नाही. त्या जागी तारेचा आकडा आहे आणि करंजाडेतल्या एका फ्लॅटच्या बाल्कनीत मी कपडे वाळत घालायच्या कामाला आहे. तुमच्या घरीही असेल अशी काठी, पण ती कधी भाला नव्हती!

मूळचा मी बांबू. मधोमध मुठीला सुतळी गुंडाळून मला महाडकडच्या एका कॉलेजात नेलं आणि तिथे मी अंकुशच्या हाती लागलो. काय तो हात! इतरांनी फेकलं की मी पडायचो, अंकुशने फेकलं की जायचो. त्याच्याच वर्गातला त्याचा चुलतभाऊ वामन मला मातीतून उपटून धावत परत आणायचा.

अंकुश फौजेत भरती झाला तेव्हा सरांनी मला त्यालाच देऊन टाकलं. पुढे सीमेवर त्याच्या उजव्या खांद्यात गोळी शिरली. पेन्शन घेऊन तो इथे राहायला आला, तेव्हा तो हात वर जात नव्हता. एके दिवशी त्याने माझं लोखंडी टोक काढलं, आकडा बसवला आणि बायकोला, सरस्वतीला म्हणाला, "घे, कपडे वाळत घालायला." मला भयंकर राग आला होता. पण टोक त्याने भंगारात दिलं नाही. रोज सकाळी त्या टोकाने तो कढीपत्त्याच्या कुंडीतली माती उकरायचा. मग डाव्या हाताने मला उचलायचा, तेही बरोबर मुठीवर धरून.

परवा सकाळी त्याने आपला निळा शर्ट दोरीवर चढवला, मला कोपऱ्यात उभं केलं आणि तिथेच खाली बसला. उठलाच नाही. शर्टातून अजून पाणी ठिबकत होतं हो! एवढा धडधाकट माणूस! मला अजूनही पटत नाही.

दुपारी गावाहून वामन आला. तिरडीसाठी आणलेला एक बांबू किडका निघाला होता. "आडव्या काठ्या कमी पडतात, वहिनी. ही घेतो, तुकडे करतो," म्हणत त्याने मला उचललं. दुसऱ्या हातात कोयता. मी मुळापासून हादरलो.

"भाऊजी, थांबा!" सरस्वती किंचाळली. "यांचा भाला हाय तो!"

वामनची बोटं सुतळीवर थबकली. कोयता हातातून पडला. "ह्यो तोच? वहिनी, ह्याला मी पळत जाऊन आनत व्हतो. अन् मीच तोडायला निघालो!" तो फरशीवर बसून रडू लागला.

दारात अंकुशची मुलगी संघमित्रा उभी होती. "पप्पा भाला फेकायचे?" तिने विचारलं. "मला कधीच नाही बोलले. मी पण फक्त मिलिटरीचंच विचारायचे."

शेवटी शेजारच्या बांधकामावरून बांबू मागून आणला. मी वाचलो. पण खरं सांगू? अंकुशबरोबर जायला मिळणार असतं, तर तुकडे व्हायलाही माझी ना नव्हती. त्याच्यावरचा राग कधीच विरला होता, हे मला तो गेल्यावर कळलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी सांगणार होतो. त्याआधी जुन्या माणसांना विचारा. तुम्ही जन्मायच्या आधी ती काय होती, हे आजच विचारा.

आज संघमित्राने कुंडीतून टोक काढून धुतलं, पण बसवलं नाही. निळा शर्ट अजून दोरीवरच आहे आणि तो उतरवायला आकडा लागतो. शर्ट केव्हाच वाळला आहे. ती मला घेऊन नुसती उभी आहे. मुठीवर नाही, भलतीकडेच धरलंय तिने मला. कसं धरायचं, ते तिला कुणी शिकवलंच नाही.