एक्क्याऐंशी दिवे

लेच्चे नावाच्या इटलीतल्या शहरात, जुन्या वस्तीत, भरदुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही, याचा अण्णांना पहिल्याच दिवशी धक्का बसला होता. नात मनवा तिथं शिकायला गेलेली आणि अण्णांचे गुडघे गेलेले. म्हणून कॉलेजातून परतताना ती त्यांना रोज व्हिडिओ कॉलवर फिरवून आणायची. शिवाजी पार्कच्या घरात बसून अण्णा पिवळ्या दगडांची चारशे वर्षांची घरं बघायचे. गाव दुपारच्या झोपेत, सगळी दारं बंद, चिटपाखरू नाही.

"संचारबंदी आहे का गं?" ते विचारायचे.

एकच खिडकी उघडी असायची. तिच्यातले म्हातारबुवा फोनकडे बघून हात हलवायचे, इकडून अण्णाही हलवायचे. एकमेकांच्या भाषेचा गंध नाही, तरी दोन महिन्यांत अण्णा त्यांना 'आमचे मित्र' म्हणू लागले. इथले बहुतेक मित्र एव्हाना फोटोत जाऊन बसले होते.

त्या दिवशी खिडकी बंद होती. शेजारच्या भिंतीवर म्हातारबुवांचा हसरा फोटो छापलेला कागद होता आणि खाली आकडा, ८१.

"सहस्रचंद्रदर्शन!" अण्णा ओरडले. "पोस्टर लावलंय बघ, आपल्याकडं लावतात तसं."

"अण्णा, मला अजून इटालियन धड वाचता येत नाही. कुणाला तरी विचारते."

"त्यात विचारायचं काय? फोटो आहे, वय आहे. तासाभरानं त्यांच्याकडं जा. आपण इथून ओवाळू."

मंत्रालयात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? त्यांच्या बायकोनं, नलूताईंनी, कणीक मळली. नवराबायकोनं मिळून एक्क्याऐंशी दिवे वळले, परातीत मांडून पेटवले.

तिकडे दार नुसतं लोटलेलं होतं. मनवानं फोन पुढे धरला आणि आत पाऊल टाकलं. दोघांनी परात उचलून ओवाळायला सुरुवात केली. अण्णा मोठ्यांदा म्हणाले, "शतायुषी व्हा!"

समोर काळ्या कपड्यांतली माणसं बसली होती. मधोमध शवपेटी. पेटीत म्हातारबुवा.

अण्णांना आता कळलं, भिंतीवरचा तो कागद निधनाचा होता. मेलेल्या माणसाला आपण शंभर वर्षं जग म्हणालो!

"अहो, ठेवा खाली," नलूताई पुटपुटल्या. "जिवंत माणसाला ओवाळतात."

मनवा रडवेली होऊन 'सॉरी, सॉरी' म्हणत होती. पेटीजवळची पांढऱ्या केसांची बाई उठली, तिनं फोन हातात घेतला. ती दिव्यांकडे बघत राहिली. कुठल्यातरी परक्या देशात कुणीतरी आपल्या माणसासाठी एवढे दिवे लावलेत, एवढंच तिला कळलं होतं. तिनं मान लववली, पेटीपाशी गेली आणि फोन नवऱ्याच्या चेहऱ्यासमोर धरला.

नलूताई परात खाली ठेवू लागल्या. अण्णांनी परातीची आपल्याकडची कड सोडली नाही.

"नको," ते कसेबसे म्हणाले. "थांबलो तर आपलं चुकलं हे तिला कळेल."

मग दोघांनी ती जड परात सावरली आणि बाई फोन बाजूला घेईपर्यंत त्या मेलेल्या माणसाला ओवाळत राहिले.