नत्थूजीची हाक

छायाबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला, घशातून जाड आवाज काढला आणि परसातल्या भिंतीआडून हाक मारली,

"रूपराव, चाल गा!"

एकदाच. जिवंत माणूस तीनदा हाक मारतो, मेलेला एकदाच, हे सेलूत पोराटोरांनाही ठाऊक होतं. आणि आवाज ज्याचा काढला होता, त्या नत्थूजीला जाऊन सहा महिने होत आले होते.

आत खाट करकरली. थोड्या वेळाने फाटक वाजलं आणि त्यांचा नवरा कालव्याच्या रस्त्याने फिरायला निघाला.

छातीत कळ येऊन गेल्यापासून डॉक्टर सांगून थकले होते, की चाला, नाहीतर दुसरी कळ फार थांबायची नाही. लेकाने नागपूरहून बूट आणले, सुनेने मोबाइलचा गजर लावला, छायाबाईंनी सोमवार धरले. रूपराव ढिम्म. शेजारचा नत्थूजी रोज पहाटे हाक मारायचा, तेव्हाही हा माणूस खोटं खोटं घोरायचा. पुढे नत्थूजीच गेला, मग तर निमित्तच मिळालं. चालून कोण अमर झालं, म्हणायचे. पण एकदा जेवताना घास हातात तसाच राहिला आणि ते पुटपुटले, आता हाक मारली असती तर गेलो असतो. छायाबाईंनी तो शब्द धरून ठेवला.

उपाय लागू पडला. मित्राच्याच भुताला घाबरेल तो मित्र कसला! रूपरावांच्या तोंडावर तेज आलं, डॉक्टरांनी पाठ थोपटली. छायाबाईंना मात्र देवळात हात जोडताना चोरट्यासारखं व्हायचं.

मग बहीण आजारी पडली म्हणून त्यांना एक रात्र सिंदीला राहावं लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी परतल्या, तर रूपराव जेवत होते आणि उंबऱ्याशी बुटांना ओली माती होती.

"आज गेलते?"

"गेलतो ना. नत्थूजीनं हाक मारली."

छायाबाईंनी पिशवी खाली ठेवली. त्या तिथेच उंबऱ्यावर टेकल्या.

"आवाज मोकळा होता आज," रूपराव भाकरी मोडत म्हणाले. "इतके दिवस घसा बसल्यावानी येत होता."

खरं सांगावं, तर हा माणूस उद्यापासून खाट सोडणार नाही. न सांगावं, तर तो कोणाबरोबर चालतोय? भीती तर वाटत होती. पण नवऱ्याला त्या रस्त्यावर एकटं सोडणं त्यांच्याने होणार नव्हतं.

"उद्यापासून मीबी येईन तुमच्यासंग."

रूपरावांना बरं वाटलेलं दिसलं. त्यांनी ताटातलं वरण बोटाने पुसून घेतलं.

"नत्थूजी तेच म्हणत होता," ते म्हणाले. "वहिनीले घेऊन येजो म्हणे. रोज एवढ्या पहाटे परसात एकटी उभी राह्यते."