एक दिवसाआड पाळी

सावरखेडीत अडतीस सौर पंप बसले तेव्हा विशाखाचा सत्कार झाला होता. शाल, नारळ, शाळेतल्या पोरांचं स्वागतगीत, सगळं यथासांग. अहमदपूरपासून बारा किलोमीटरवरचं हे गाव तिचं स्वतःचंच. इथल्या ग्यानोबाची ती लेक, लातूरच्या एका सौर कंपनीत इंजिनिअर. दोन वर्षं घरोघर फिरून तिनं अर्ज भरले होते, सातबारे गोळा केले होते. आता गावात एकही डिझेल इंजिन धूर ओकत नव्हतं. पोरीला अभिमान वाटला तर त्यात नवल ते काय?

एक साधी गोष्ट मात्र या शहाण्या इंजिनिअरच्या ध्यानात आली नाही. पूर्वी लाइट आठ तास, तीही लपंडाव खेळणारी, आणि डिझेल परवडत नाही, म्हणून पाणी जमिनीत शिल्लक राहत होतं. ऊन मात्र सकाळी येतं, दिवसभर थांबतं आणि बिल पाठवत नाही. फुकट ते पौष्टिक! सोयाबीन निघाल्यावर मोकळी पडणारी रानं भर उन्हाळ्यात भुईमुगानं आणि उसानं हिरवी झाली. रान भिजून पाणी ओढ्याला लागलं तरी पंपाच्या पेटीपर्यंत जाऊन बंदचा खटका दाबायचा कंटाळा. ऊन काय, उद्याही आहेच.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये बुद्धविहाराजवळचा हापसा कोरडा पडला. लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं त्या उन्हाळ्यातही या हापशानं अख्ख्या वस्तीला घागर घागर पाणी पुरवलं होतं. आता स्वतःचं शेत लांब पडतं म्हणून विशाखाची आई चांगुणा दुखरे गुडघे घेऊन सरपंच दयानंदांच्या उसापर्यंत जायची आणि पाइपाच्या तोंडाशी घागर धरायची. हे ऐकलं त्या दिवशी विशाखाला जेवण गेलं नाही.

तिनं ऑफिसात साहेबांना, प्रीतम सरांना, विचारलं. "पंप चालतायत ना? मग आपलं काम झालं," सर म्हणाले. "जमिनीतलं पाणी आपल्या खात्यात येत नाही, मॅडम." बोलणं खोटंही नव्हतं, हीच तर पंचाईत.

मग तिनं गावातच बैठक घेतली. खंडोबाच्या देवळापुढं झाडून सगळे पंपवाले जमले. वरच्या शिवारानं एक दिवस मोटर चालवायची, खालच्यानं दुसऱ्या दिवशी, अशी एक दिवसाआड पाळी ठरली. नुसत्या बोलण्यावर विसंबायचं नाही म्हणून दयानंदांनी बेलभंडारा मागवला. भंडारा उचलून घेतलेली शपथ या गावात कुणी मोडत नाही, असं म्हणतात. एकेकानं बेलाचं पान आणि हळद हातात घेतली. ग्यानोबा पायरीखाली उभा होता. "आमच्यात हे न्हाई," तो म्हणाला, "पन माझा शब्द घ्या." दयानंदांनी मान डोलावली. विशाखाला वाटलं, सुटले.

प्रत्येक पंपाच्या पेटीत सिमकार्ड होतं. कुठला पंप चालू, कुठला बंद, ते विशाखाला लातुरात बसून मोबाइलवर दिसायचं. चालू पंपाची खूण हिरवी. पहिल्या दिवशी एकोणीस हिरव्या होत्या, अगदी ठरल्याप्रमाणे. तिसऱ्या दिवशी चोवीस. आठवड्यानं सदतीस झाल्या. तिनं दयानंदांना फोन लावला.

"काका, तुम्ही भंडारा उचललाय."

"हाव, उचललाय ना! मी एकच घंटा चालवून राहिलो, विशाखाताई. माझी बंद ठेवली तर शेजारचा माझ्या खालचंच पानी ओढतो. त्याला आधी सांगा."

शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्याचं नाव सांगितलं. सदतीस जणांकडे सदतीस शेजारी होते.

दहाव्या दिवशी अडतिसावी खूण हिरवी झाली. तो पंप ग्यानोबाचा होता.

"बाबा, आज आपली पाळी नाही."

"ठावं हाय मला."

"एकानं गाय मारली म्हणून दुसऱ्यानं वासरू मारायचं का? तुम्ही शब्द दिला होता."

"त्यांनी देवाची आन मोडली, बाई. माझ्या एकल्याच्या शब्दानं पानी थांबून राहनार हाय का? शेंगा भरायचे दिस हायेत." मग तो म्हणाला, "तुझीच पेटी हाय. तुला येतं म्हन लांबून बंद करायला. कर की. पन समद्यांच्या कर."

येत होतं तिला, तिचंच तर ते काम. पण शेतकऱ्याच्या संमतीशिवाय पंपाला लांबून कुलूप घातलं तर तिच्यावर गुन्हा दाखल झाला असता आणि नोकरीही गेली असती. 'कर की' म्हणणारा शेतकरी अडतिसांत एकच होता, तिचा बाप. निदान आपलं घर तरी शब्दाला जागू दे, असं म्हणून तिनं वडिलांचा पंप एक दिवसाआड लॉक केला.

एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला. भर दुपारी चांगुणाचा फोन आला. ती शेतातूनच बोलत होती.

"हापशाला अजून थेंब न्हाई. बोरचं पानी लई खाली गेलं, एका दिसात अर्धं रान बी भिजत न्हाई. भुईमुगानं माना टाकल्यात. चौफेर हिरवं हाय, मधी आपलाच तुकडा करपलाय. तुझे बाबा बांधावर बसून हायेत, जेवले न्हाईत." तिचा आवाज चढला नव्हता, नुसता थकला होता. "एवढी शिकलीस, बाई. तुला आमचीच बंद करता आली व्हय?"

हापसा विशाखाला भरता येत नव्हता, दयानंदांचा ऊस तिला थांबवता येत नव्हता, आणि सूर्य तर तिनंच गावाच्या दावणीला बांधून दिला होता. फोन न कापताच तिनं मोबाइलवर पंपांच्या खुणा उघडल्या आणि वडिलांच्या पंपाचं कुलूप काढलं. अडतिसाव्या खुणेचा रंग बदलला.

"आलं!" पलीकडून चांगुणा ओरडली. "अगं आलं की पानी! अहो, उठा, लेकीनं पानी सोडलं!"

आईचा तो आनंद ऐकून विशाखाला रडू फुटलं. हे किती दिवस पुरेल, हे आईला सांगायची तिच्यात हिंमत नव्हती.