समुद्रबाबाचा बडवानल

बाबा आले की अक्कल खुंटीला टांगायची, हा आमच्या भातकुली गावचा जुना रिवाज. भगवंतराव पाटलांच्या धान्याच्या कोठीत भरदुपारी गाव कोंबलं होतं. खिडक्यांना पोती लावून अंधार केलेला, आणि मधोमध 'समुद्रबाबा' बसलेले. बुडालेल्या द्वारकेत बारा वर्षं राहून आले म्हणे. बारा वर्षं पाण्यात राहून साधी सर्दी कशी झाली नाही, हे विचारणारा मी एकटा. पण मी पडलो फौजेतला ड्रेसर, जखमा धुऊन बांधणारा, ब्रह्मदेशाच्या लढाईवरून नुकताच परतलेला. "जानराव फौजेत जाऊन बाटला," एवढंच गाव म्हणायचं.

त्या हिवाळ्यात गोवरानं लेकरं पटापट गेली होती. पाटलांचा नातूही गेला. करणी कोणी केली, ते बाबा हुडकणार होते.

डबी उघडून बाबा म्हणाले, "समुद्राच्या पोटातला बडवानल आहे हा. पाप्याच्या हातावर पडला की पेटतो. पुण्यवानाला ढिम्म काही होत नाही."

बाया एकेक करून पुढे येत होत्या. बाबा आधी त्यांना कोरड्या राखेनं हात चोळायला लावत, मग डबीतली चिमूट तळहातावर टाकत. काही होत नसे, आणि बाई सुटल्यासारखी बाजूला होई. मग शकुनची पाळी आली. ही माळ्याची सून, हार गुंफता गुंफता उठून आलेली. फुलांवर दिवसभर पाणी शिंपडणारीचे हात ओलेच असायचे. बाबांनी तिला राख दिलीच नाही. "तू तशीच ये," म्हणाले.

चिमूट पडली आणि शकुनचा तळहात निळा उजळला.

गाव एकदम मागं सरलं. शकुनची सहा महिन्यांची पोर सासूच्या, गोदाबाईच्या कडेवर होती. गोदाबाईनं ती पदराखाली घेतली. "इले शिवेभाईर काढा आताच्या आता. लेकरू माह्यापाशी राहीन."

"दूध पेते ती, मामी," शकुन म्हणाली. पाटलांनी नुसती मान हलवली, की काढा.

हा उजेड मी पाहिला होता, पण कुठं? आणि आठवलं. इंफाळच्या जंगलात, मेलेल्या जपानी शिपायाच्या झोळीत अशीच पूड सापडली होती. आमच्या डॉक्टरसाहेबांनी ती तळहातावर घेऊन पाण्याचा थेंब टाकला आणि त्या उजेडात नकाशा वाचून दाखवला होता.

मी घुसलो आणि बाबांची डबी हिसकली. "पाटील, हात करा पुढं." त्यांच्या तळहातावर मी चिमूट टाकली. "आता थुका त्याच्यावर."

"काहून?"

"पुन्यवान हा ना तुमी? मंग भेता कायले?"

पाटील थुंकले. हात निळा झाला.

बाबा म्हणजे पोचलेला माणूस. लगेच म्हणाला, "याचा अर्थ सारं गावच पापी आहे."

मला असा संताप आला की सांगता सोय नाही. गोदाबाईच्या कडेवरची पोर मूठ चोखत होती. तिच्या लाळेनं भिजलेल्या मुठीवर मी चिमूट टाकली. इवलीशी मूठ उजळली.

"हिनं कोनावर करनी केली, सांगा बाबा."

बाबा दाराकडे पाहू लागले. मी लोकांना समजावलं, "जपानच्या समुद्रात तिळाएवढा जीव असते. त्याच्या आंगात दोन द्रव्यं असतात. पान्यात सोडली का एकमेकाले भेटतात अन् हवेसंग मिळून उजेड पडते. जीव वाळवून पूड केली तरी पानी लागलं का तेच होते. तुमचे हात यानं राखेनं कोरडे केले. शकुनचे ओले ठेवले. एवढाच बडवानल."

पाटील हात धोतराला पुसत म्हणाले, "चाल शकुन, झालं ते झालं. घरी जाय."

शकुननं आधी पोर घेतली. मग म्हणाली, "पाटील, तुमचा हात पेटला तवा तुमाले शिवेभाईर काढा, असं कोनी नाई म्हनलं. माह्याच येळी सगळ्याईले घाई होती."

आणि पोरीला छातीशी धरून ती कोठीबाहेर पडली.

मी अजून गावाला सांगत असतो: लेकरं गोवरानं गेली, बाप्पाहो. आजारी लेकरू वेगळं ठेवा, अमरावतीच्या दवाखान्यात न्या. आणि उद्या कोणी चमत्कार घेऊन आला, तर दुसऱ्याच्या सुनेला शिवेबाहेर काढण्याआधी स्वतःचा हात पुढं करा.